डावखुऱ्याने उजव्या हाताची चकमकीची बंदूक चालवली तर डोळ्याला धोका आहे का?

डावखुरा_धरमपेठ
नमस्कार मंडळी. मी पक्का डावखुरा, फक्त जेवतो उजव्या हाताने कारण डाव्याने घास घेतला की आजी हातावर चापट मारायची. तीन वर्षं झाली इथेच नागपुरात १० मीटर एअर रायफल करून राहिलो, अर्थात डाव्या खांद्यावरून.

आता येत्या डिसेंबरमध्ये आतेभावाकडे पेन्सिल्वेनियाला जाऊन राहिलो. त्याला ठासणीच्या बंदुकांचं वेड लागलंय, ५० कॅलिबरची फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीची, लाँग रायफल घेतलीय. तिकडे ख्रिसमसनंतर हरणाच्या शिकारीचा एक वेगळा सीझन असतो, १९७४ पासून, आणि त्यात फ्लिंटलॉकच वापरायची असा नियम आहे म्हणे. मला शिकार वगैरे नाही करायची, फक्त रेंजवर चारपाच बार उडवायचेत.

तर झालं असं की त्याने बंदुकीचा फोटो पाठवला आणि मी टेन्शनमध्ये आलो. घोडा, चकमक, रंजकदाणी (रंजक म्हणजे पेटवणीची दारू, ती ठेवायची वाटी) सगळं उजव्या बाजूला. मी डाव्या खांद्याला लावणार म्हणजे माझा गाल पण त्याच बाजूला येणार नं? व्हिडिओत तर भपकन जाळ होतो तिथे. मला चष्मा आहे, दाढी पण आहे. कोणी केलंय का हे? की उजव्या खांद्यावरून शिकू सरळ?

वर्धारोड_ते_पिट्सबर्ग
केलंय. मीही डावखुरा, आठ वर्षं झाली, दोन्ही डोळे आणि भुवया शाबूत आहेत 😄

जाळ कुठे जातो ते आधी समजून घे. चाप ओढला की घोड्यातली चकमक पोलादी झाकणावर, म्हणजे फ्रिझनवर घासते, ठिणग्या रंजकदाणीत पडतात, रंजक पेटते आणि बंदुकीच्या कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आग आत मुख्य बारापर्यंत जाते. बार पेटला की त्याच कानातून थोडा गॅस उलटा बाहेर येतो पण तो काटकोनात, सरळ उजवीकडे, मागे तुझ्या तोंडावर नाही. रंजकदाणीच्या मागे एक उभी कड असते तीही ठिणग्या मागे येऊ देत नाही. म्हणून खरा धोका तुझ्या उजव्या बाजूला जो उभा राहील त्याला, तिथे भावालाही उभं राहू देऊ नको, व्हिडिओ काढायला तर अजिबातच नाही.

मग डावखुऱ्याला त्रास कशाचा? उजव्या हाताचा माणूस उजव्या डोळ्याने नेम धरतो, त्याचं बाकीचं तोंड नळीच्या डावीकडे असतं. आपण डाव्या डोळ्याने धरतो त्यामुळे आपला उजवा डोळा येतो बरोबर रंजकदाणीच्या रेषेत, वीतभर मागे. भपका थेट दिसतो. त्याने इजा होत नाही पण माणूस दचकतो, आणि फ्लिंटलॉकमध्ये रंजक पेटणं आणि बार होणं यात क्षणभराचं अंतर असतं, तेवढ्यात दचकलास की गोळी गेली भलतीकडे. चष्मा असला तरी वरून सेफ्टी गॉगल घालच, बाजूने झाकलेला. आणि सुती फुल बाह्या. कारण तुझा उजवा हात नळीखाली पुढे असणार, कानातून उडालेले कण मनगटावर बसतात, माझ्या हातावर अजून तीन काळे ठिपके आहेत. नायलॉनचं जॅकेट नको, भोकं पडतात.

रंजक कमी टाक. नवीन लोक रंजकदाणी गच्च भरतात आणि मग मोठा भपका झाला म्हणून घाबरतात. अर्ध्याहून कमी बस, कान बुजायला नको. कान बुजला तर आग आत झटकन जात नाही, वात जळत जावी तशी जाते आणि बार अजून उशिरा होतो.

राजेहो_वऱ्हाडी
काऊन बे भाऊ, एवढ्याशा कामासाठी अमेरिकेले कायले जातं. आमच्या गावी आबाजीच्या वाड्यात ठासणीची बंदूक खुंटीवर टांगून हाय, शंभर वर्साची तरी असन. ये दिवाळीत, दारू फटाक्यातली काढू, बार उडवून पाहू. डावा अस का उजवा अस, तिले काय फरक पडते 😂

महालचा_इतिहासवाला
वऱ्हाडी भाऊ, हे मस्करीतही नको. पहिली गोष्ट, जुनी नळी आतून किती गंजली ते बाहेरून कळत नाही, आणि फटाक्यातली दारू म्हणजे बंदुकीची दारू नव्हे, नळी फुटली तर आधी धरणाऱ्याचा पंजा जातो. दुसरी गोष्ट, १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या पद्धतीच्या शस्त्राला सूट आहे ती दुरुस्त करूनही बार उडवता येत नसेल तरच. बार उडत असेल तर खुंटीवर टांगलेली पण शोभेची नाही, विनापरवाना असली तर पोलीस केस.

बाकी विषय निघालाच आहे तर, ही उजव्या बाजूची भानगड फार जुनी आहे. चकमकीच्या आधीच्या आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडवायच्या, बंदुकांचा पण कान उजवीकडेच. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली तेव्हा आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई तोड्याच्या बंदुका घेऊन होते, समोर कंपनीच्या मद्रास पलटणी चकमकीच्या ब्राउन बेस घेऊन, पाऊण इंच तोंडाच्या. त्या कवायतीत काडतूस दाताने फोडायचं, उजव्या हाताने रंजक टाकायची, बाकीची दारू नळीत ओतून गजाने ठासायची, सगळं हुकमावर. खांद्याला खांदा लावून उभ्या रांगेत एकानेच डाव्या खांद्याला लावून कसं चालेल? डावखुरा असला तरी उजव्यानेच. तू निदान चॉइस तरी करू शकतो भाऊ.

जायच्या आधी अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांच्या दालनात एक चक्कर मार. तिथल्या बंदुका कोणत्या बाजूने बनल्यात ते बघशील तर हा धागा पुन्हा आठवेल.

दहा_मीटरवाली_ताई
मी मुलांना एअर रायफल शिकवते म्हणून विचारते, हात सोड, तुझा मास्टर डोळा, म्हणजे नेमाला पुढे असणारा डोळा, कुठला? दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये छोटी खिडकी कर, त्यातून दूरच्या खांबावरचा दिवा बघ आणि आलटून पालटून एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याने दिवा खिडकीतच राहतो तो मास्टर. हाताने डावखुरे पण डोळ्याने उजवे असे खूप पोट्टे असतात. तसं निघालं तर उजव्या खांद्यावरूनच शिक, कारण गालपट्टी डाव्या बाजूला असते, दस्ताही (खांद्याला लावायचा लाकडी भाग) उजव्यासाठी बाहेर वळवलेला असू शकतो, सगळंच सोपं पडेल.

आमच्या वेळी एनसीसीत पॉइंट टूटू रायफलचा बोल्ट उजवीकडे म्हणून मला सरळ उजव्या खांद्यावर टाकलं होतं, डोळा कोणी विचारलाच नाही, आणि वर्षभर माझ्या गोळ्या शेजारच्या टार्गेटवर 🙄 राग अजून आहे.

वर्धारोड_ते_पिट्सबर्ग
ताईंचं पटतं पण अर्धंच. चारपाच बारांसाठी आलेल्या माणसाने खांदा बदलू नये. नवीन खांदा, नवीन बंदूक आणि उशिरा होणारा बार, तीन गोष्टी एकदम कशा शिकणार? डोळा डावा निघाला तर डाव्यावरूनच मार, गाल थोडा वर ठेव.

आणि भावाला सांग, पहिल्याच फेरीला भरलेली बंदूक हातात देऊ नको. आधी घोड्यात चकमकीऐवजी लाकडाचा तुकडा लावून नुसता चाप ओढायचा, वीसेक वेळा. मग नळी रिकामी आहे याची खात्री करून फक्त रंजक उडवायची. मग खरा बार. रंजक उडाली पण बार झाला नाही तर बंदूक टार्गेटकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांब, लगेच डोकावून बघायचं नाही. हे मी दोनदा लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दहा_मीटरवाली_ताई
बरं, चारपाच बारांसाठी मान्य. मग दचकण्याचा इलाज इथेच करून जा. रिकामी एअर रायफल घेऊन ड्राय कर, म्हणजे गोळीविना नुसता चाप ओढ, बाजूला कोणाला तरी उभं कर आणि चाप ओढल्याबरोबर उजव्या डोळ्याजवळ मोबाइलचा फ्लॅश मारायला सांग. फ्लॅश झाला तरी नेम एक सेकंद तसाच धरून ठेवायचा. आपल्याकडे फॉलो थ्रू म्हणतो तोच, फक्त इथे तो नसला तर काहीच नाही.

डावखुरा_धरमपेठ
अपडेट. डोळा डावाच निघाला, शंकरनगर चौकातल्या सिग्नलवर तीनदा बघितलं, मागचा हॉर्न मारून राहिला होता.

भाच्याला फ्लॅश मारायला बसवलं. पहिल्या दहात दहाही वेळा डोळे मिटले, मला कळलं पण नाही, तो हसून राहिला म्हणून कळलं. काल रात्री चाळीस केले, शेवटच्या दहात तीनदाच मिटले. भाचा आता चाप ओढायच्या आधीच फ्लॅश मारतो, भैताड आहे, पण त्याने उलट फायदाच होऊन राहिला.

भावाला लाकडाच्या तुकड्याचं सांगितलं तर म्हणे पहिल्या दिवशी मला पण असंच शिकवलं होतं. मग मला आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे तू डावखुरा आहेस हेच विसरलो होतो.

राजेहो_वऱ्हाडी
दाढीचं काय ठरलं मंग?

डावखुरा_धरमपेठ
आई म्हणते काढ. ट्रिम करतो.