रक्त नाकारणं आणि दारोदार प्रचार: दारातच सगळं सांगायला नको का?

गोकर्ण
परवा रविवारी सकाळी बेल वाजली. दारात दोघी, एक माझ्या वयाची, दुसरी कॉलेजातली वाटावी अशी. हातात 'टेहळणी बुरूज', म्हणजे यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचं नियतकालिक. मोठीनं विचारलं, "जगात एवढं दुःख का आहे, असं कधी मनात येतं का तुमच्या?" बोलणं अदबीचं, मराठी स्वच्छ. मी पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्यात रक्त चढवून घेत नाहीत, हे लोकांना कधी सांगता?" धाकटी मोठीकडे बघायला लागली. मोठी म्हणाली, "अभ्यासात पुढे येतं ते."

या 'पुढे येतं'बद्दल मला बोलायचं आहे.

मी सोळा वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी एका रात्री बाळंतिणीसाठी चार पिशव्यांची मागणी आली. क्रॉसमॅच करून, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळतात का ते तपासून, दोन लगेच पाठवल्या. वीस मिनिटांत वॉर्डबॉय दोन्ही परत घेऊन आला. हात लावला तर अजून गार. "घेत नाहीत म्हणे. धर्मात बसत नाही." अर्ध्या तासाच्या आत परत आल्या म्हणून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवता आल्या. दुसऱ्या दिवशी त्यातली एक थॅलेसेमियाच्या एका पोराला लागली. ती बाई तिसऱ्या दिवशी गेली. कागदावर सही तिचीच होती. पण डॉक्टरांशी सगळं बोलला तो नवरा, असं तिथली सिस्टर मला म्हणाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यहोवाचे साक्षीदार हा पंथ १८७० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गकडे चार्ल्स टेझ रसेल यांच्या बायबल अभ्यास गटातून निघाला. आजचं नाव १९३१ चं. रक्त चढवून घेण्याला मनाई १९४५ पासून, आणि १९६१ पासून घेणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्याची तरतूद आली. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा, चारही वर्ज्य.

मोठ्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. दारावर येऊन बोलायचाही हक्क आहे. पण ज्या श्रद्धेपायी उद्या जीव द्यावा लागू शकतो, तिची किंमत पहिल्या भेटीत सांगायला हवी. सहा महिने अभ्यास झाला, नवी माणसं जिवाभावाची झाली, की मग कळतं. तेव्हा 'नाही' म्हणणं सोपं राहत नाही.

पाचोळा
ताई, तुम्ही फार सौम्य लिहिलंय. आमच्या सोसायटीत गेटवरच बोर्ड आहे, धर्मप्रचारकांना प्रवेश नाही. आणि साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मग रक्तावाचून मरू देणं गुन्हा का नाही? तिथे भगत आहे आणि इथे पुस्तक आहे, एवढाच फरक. बंदी घाला.

मीठभाकर
मी यहोवाची साक्षीदार आहे. ठाण्यात राहते, बावीस वर्षं झाली बाप्तिस्म्याला. दर आठवड्याला दारोदार जाते. तोंडावर दार आपटलं जातं, कुत्रं सोडलेलंही पाहिलंय. तरी जाते, कारण मला जे सापडलं ते दुसऱ्याला सांगितलं पाहिजे असं मनापासून वाटतं.

पाचोळा, भगत उपचार थांबवतो. आम्ही उपचार मागतो. मी स्वतः दोन ऑपरेशनं करून घेतली आहेत. नको असतं ते फक्त रक्त. उत्पत्ति ९:४, लेवीय १७ आणि प्रेषितांची कृत्ये १५:२९ वाचा. जीव रक्तात आहे आणि तो देवाचा आहे, म्हणून रक्त वर्ज्य करा, एवढं स्पष्ट लिहिलंय.

गोकर्ण, आम्ही लपवत नाही. बाप्तिस्म्याआधी जे प्रश्न विचारतात त्यांत रक्ताचा प्रश्न असतो. आमच्या छापील साहित्यात आहे, संकेतस्थळावर मराठीतूनही आहे. पण अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून पहिलं वाक्य रक्ताचं बोलायचं का? कुठलीही श्रद्धा तशी सुरू होत नाही. त्या बाळंतिणीचं वाचून वाईट वाटलं. सही तिची होती म्हणता, मग ती तिची का मानत नाही? नवरा बोलला म्हणजे बायकोला मत नव्हतं, असं आपण किती सहज धरून चालतो!

पापडीचा_जो
मी वसईचा कॅथलिक. या लोकांनी दारं वाजवली की शेजारी आम्हाला विचारतात, "तुमच्यात रक्त चालत नाही ना?" अहो, आमच्या गावात चर्चच्या आवारात रक्तदान शिबिरं होतात!

प्रेषितांच्या कृत्यांतलं तेच वचन आम्हीही वाचतो. त्या काळी ज्यू आणि बिगर-ज्यू ख्रिस्ती एका पंगतीला कसे बसणार, हा प्रश्न होता, आणि त्यावर खाण्यापिण्याचे नियम ठरले. अलिबागकडचे बेने इस्रायल बघा. मांस मीठ लावून ठेवतात, रक्त निथळून जाईपर्यंत. इतका कडक नियम पाळणारे ज्यू दवाखान्यात रक्त चढवून घेतात, कारण त्यांच्याकडे जीव वाचवणं बहुतेक सगळ्या नियमांच्या वर आहे. रक्त हे जिवाचं प्रतीक. प्रतीक जपण्यासाठी जीवच सोडायचा, हे मला वचनात कुठे दिसत नाही.

भूल_देणारी
भूलतज्ज्ञ आहे. दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहिते.

या रुग्णांमुळे आमची विद्या पुढे गेली, हे खरं आहे. ह्यूस्टनचे डेंटन कूली साठच्या दशकापासून त्यांच्यावर रक्त न देता हृदयशस्त्रक्रिया करत होते आणि १९७७ मध्ये त्यांनी अशा ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. पूर्वी हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की पिशवी लावायचे. आज स्थिर रुग्णाला बहुधा ७ पर्यंत थांबतो. शिरेतून लोह, तांबड्या पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सांडलेलं रक्त धुऊन लगेच परत देणारं यंत्र, यातलं बरंचसं आता सगळ्यांसाठी वापरतो.

पण ठरवून केलेली शस्त्रक्रिया वेगळी आणि बाळंतपणातला रक्तस्राव वेगळा. तिथे दहा मिनिटांत दीड-दोन लिटर जातं. नेदरलँड्समध्ये १९८३ ते २००६ ची आकडेवारी तपासली, तेव्हा साक्षीदार बायकांत मातामृत्यूचा धोका सर्वसाधारणपेक्षा सहापट निघाला. चांगल्या दवाखान्यांच्या देशात. लोहाच्या बाटलीनं त्या वेळी काही होत नाही.

मी आता एक नियम पाळते. 'रक्त नको' असं लिहिलेलं त्यांचं कार्ड बघते, पण आठव्या महिन्यात ओपीडीत नवरा, सासू, मंडळीतले वडीलधारे, सगळ्यांना बाहेर बसवते आणि तिला एकटीला विचारते. एकीनं माझा हात धरून विचारलं, "भूल दिल्यावर चढवलंत तर मला कळेल का?" मी म्हटलं, न विचारता मी देणार नाही. तू हो म्हण, मी कुणाला सांगणार नाही. ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग नाही म्हणाली. सिझर झालं, रक्त लागलं नाही, दोघं सुखरूप घरी गेली. पण तो प्रश्न तिनं का विचारला, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

तालुका_कोर्ट
पाचोळा, बंदी कायद्यात बसत नाही. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा 'प्रसार' हा शब्द आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. पण आपलं म्हणणं सांगायची मुभा राहिलीच. सोसायटीनं गेट बंद ठेवावं, तो तिचा अधिकार. आणि याच पंथाच्या केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गाता नुसतं उभं राहिल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी त्यांना परत घ्यायला लावलं. तो निकाल आपण सगळेच अभिमानानं सांगतो.

सज्ञान माणसाच्या संमतीशिवाय उपचार नाही, हे २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात आलं, आणि उपचार नाकारण्याचा हक्क २०१८ मध्ये घटनापीठानं मान्य केला. लहान मुलाचं मात्र वेगळं. तिथे आईबापांच्या श्रद्धेपेक्षा मुलाचं हित वर.

मूळ अडचण बहिष्काराची आहे: रक्त घेतलं की मंडळीबाहेर, आणि मग आपलीच माणसं बोलणं टाकतात. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये धर्मबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या प्रकरणात तो १९६२ मध्ये रद्द झाला. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला तो मुख्यतः जातपंचायतींच्या अनुभवातून. घरातल्यांनी बोलणं टाकलं, जेवायला बोलावलं नाही, तर कुठलं कोर्ट काय करणार?

लेकशोअर_टोरांटो
इकडे ऑन्टारिओत १९९० चा मॅलेट खटला डॉक्टरांना शिकवतात. अपघातात बेशुद्ध बाई, पर्समध्ये 'रक्त नको' असं कार्ड. डॉक्टरांनी रक्त देऊन जीव वाचवला, आणि त्यांनाच वीस हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. प्रथम वाचलं तेव्हा मला राग आला होता. आता माझी आई स्मृतिभ्रंशाच्या वाटेवर आहे, नळी नको असं तिनं आधीच लिहून ठेवलंय. ते कुणी डावललं तर मी काय करीन, याचा विचार केला आणि त्या बाईची बाजू कळली. गोकर्ण, कार्डावर शंका घ्यायला लागलो तर सगळ्यांच्याच कार्डावर घ्यावी लागेल.

गोकर्ण
टोरांटो, शंका कार्डावर नाही. तुमच्या आईनं उद्या ते फाडलं तर तुम्ही तिच्याशी बोलणं सोडणार नाही. फरक तिथे आहे.

मीठभाकर, तुम्ही नीट उत्तर दिलंत म्हणून नीट विचारते. प्लाझ्मा वर्ज्य, पण त्यातून काढलेली अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, क्लॉटिंग फॅक्टर ही प्रथिनं ज्याच्या त्याच्या विवेकावर. बरोबर? ते अल्ब्युमिन हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून निघतं. शनिवारी दुकान बंद करून येणारा गवंडी, रिक्षावाला, त्यांच्या दंडातून आलेलं असतं ते. तुम्ही रक्त देत नाही. मग त्यांचं घेता कसं? हे मला सोळा वर्षांत उलगडलेलं नाही.

मीठभाकर
हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून माझ्या कार्डावर अल्ब्युमिनसुद्धा नको असं लिहिलंय. आमच्यातले सगळे तसं लिहीत नाहीत, आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही.

बहिष्काराबद्दल. माझा सख्खा भाऊ मंडळीबाहेर आहे, कारण वेगळं. सात वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. २०२४ पासून असा माणूस सभेला आला तर त्याचं स्वागत करायला हरकत नाही असं आम्हाला कळवलं गेलं. तो आला नाही. मला त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही. पण रक्ताला मी घाबरून नाही म्हणत नाही. डॉक्टरताईंनी मला एकटीला बसवून विचारावं, दहादा विचारावं. उत्तर हेच येईल.

भूल_देणारी
तुमचं येईल, मला पटतं. म्हणूनच विचारायला कुणाची हरकत नसावी.

पाचोळा
बंदीचं मागे घेतो, वकीलसाहेबांचं पटलं. मुलांच्या बाबतीत मात्र एक मिनिटही वाट बघू नये.

मीठभाकर
मी प्रचाराला जाते तेव्हा सोबत एक मुलगी असते, एकोणीस वर्षांची. बाप्तिस्मा व्हायचाय अजून. गोकर्ण, तुमच्या दारातली धाकटी वाचली आणि मला हीच दिसली. काल तिला हा सगळा धागा वाचायला दिला. तिनं शेवटपर्यंत वाचला, डॉक्टरताईंचा प्रतिसाद दोनदा. काही बोलली नाही. उद्या विचारीन तिला काय वाटलं ते.

गोकर्ण
वाचायला दिलंत, हे फार मोठं आहे. मनापासून आभार. विचाराल तेव्हा फक्त तुम्ही दोघीच असा, मंडळीतलं तिसरं कुणी नको. आणि तिला जे वाटलं ते इथे लिहायची गरज नाही.