माईकला हद्द घालणाऱ्या ठरावाला मी हात वर केला, कारण...

वॉर्ड चारचा पंच

आमची पंचायत गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीवरची. गेल्या पाक्षिक बैठकीत चार विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला: बाजार, किनाऱ्याकडे उतरणारी वाट आणि पंचायतीचं मैदान, या तीन जागी जाहीर गाणं-वाजवणं, नाच किंवा नाटक करायचं तर सात दिवस आधी अर्ज. माईक-स्पीकर असेल तर पाच हजार अनामत, नसेल तर काही नाही. रात्री दहाला माईक-स्पीकर बंद. चौथं मत माझं होतं. तेव्हापासून मी कलेचा वैरी ठरलोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

दहाची वेळ आम्ही शोधून काढलेली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. कागद पक्का आहे. पण हंगामात त्या वाटेवर एक गिटारवाला चाकांचा स्पीकर घेऊन उभा राहतो, पंधरा पावलांवर दुसरा येतो, मग पहिला आवाज चढवतो. दोघांच्या मध्ये जिचं घर आहे ती बाई कलेक्टरकडे जात नाही, माझ्या दारात येते. तिला मी २००० सालचे नियम वाचून दाखवू?

कालोवाला

पंचसायब, गिटारवाल्याचं तुम्ही बघा. मला मैदानाचं सांगा. जत्रेचा कालो, म्हणजे रात्रभराचा दशावतारी खेळ, देवळापुढे मावत नाही म्हणून गेली काही वर्षं मैदानावर होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आडदशावतार, संकासूर हे सुरुवातीचं सगळं होऊन मुख्य आख्यान सुरू होईपर्यंत तुमचे दहा कधीच वाजून गेलेले असतात. कुडाळ-वेंगुर्ल्याहून आलेली मंडळी पहाटेपर्यंत खेळ करतात. त्यांना सांगायचं, पेट्या भरा आणि जा?

वॉर्ड चारचा पंच

कालो बंद करा असं कुठे लिहिलंय? माईक बंद करा असं लिहिलंय. पेटी, मृदंग आणि झांज यांवर ही कला उभी राहिली, माईक फार नंतरचा. दहानंतर माईक काढा, मी स्वतः पहाटेपर्यंत बसतो.

कालोवाला

बसाल हो, पुढच्या खुर्चीवर! मागे पदर गुंडाळून थंडीत बसलेल्या बायकांना काय ऐकू जाणार? दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट उभ्या उभ्या बोलतो, समोरचा तिथल्या तिथे उत्तर देतो, त्या जुगलबंदीसाठीच माणूस झोप मोडून येतो. ट्रिकसीन लांबूनही दिसतो, संवाद दिसत नाही. आणि ज्या नियमांचा दाखला देता त्यांतच सणा-उत्सवांसाठी सरकारला वर्षातून पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते. तुमच्या ठरावात तेवढीही फट नाही.

रात्रपाळी

मी पंचांच्या बाजूने. मी परिचारिका आहे, सकाळी नऊला घरी येऊन झोपते आणि दुपारी चारला वाटेवर ढोल सुरू होतो. (नियमांतली रात्र दहा ते सहाच, आमच्यासारख्यांची रात्र कुठेच नाही.) या ठरावातलं मला उपयोगी पडेल ते एकच कलम, अनामतीचं. पाच हजार जातील म्हटलं की माणूस बटण खाली करतो. बाकी सगळं भाषण.

तियात्रिस्त

आवाजावर भांडण आटोपलं असेल तर अर्जावर बोलूया, कारण खरा धोका तिथे आहे. आमच्या तियात्रात, म्हणजे कोकणी नाटकात, जी कांतारं (गाणी) असतात त्यांत मंत्र्यापासून पंचापर्यंत कुणालाच सोडत नाहीत, प्रेक्षक त्यासाठीच तिकीट काढतो. आता समजा कांतारात एक कडवं कुणा पंचाच्या नातेवाईकाने शेतात घातलेल्या भरावावर आहे. त्या अर्जाला सातव्या दिवशी काय उत्तर येईल? इंग्रजांनी नाटकांवर नजर ठेवायला केलेला १८७६ चा कायदा २०१८ मध्ये कुठे रद्द झाला. तो दिल्लीतून गेला आणि वाड्यावरून परत आला असं नको.

वॉर्ड चारचा पंच

ठरावात आशयाबद्दल एक अक्षर नाही. जागा, वेळ, आवाज. बस्स.

तियात्रिस्त

तेच तर म्हणतोय. नाकारण्याची कारणं लिहिलेली नसली की कुठलंही कारण चालतं. "त्या दिवशी मैदान मोकळं नाही" एवढं म्हटलं की झालं. सेन्सॉर करायला कात्रीच लागते असं थोडंच आहे?

माडाखालचा

तो गिटारवाला गोंयकार तरी आहे का? बाहेरच्यांसाठी एवढी चर्चा कशाला!

वॉर्ड चारचा पंच

तो कुठला हे ठरावात विचारलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. हा विषय इथे नको.

नियमावर बोट

मी ठरावाच्या विरोधात, पण कारण वेगळं. ध्वनिनियमांखाली कारवाई करणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी किंवा किमान उपअधीक्षक दर्जाचा नेमलेला पोलीस अधिकारी. पंचायत त्यात नाही. पंचायतीकडे डेसिबल मोजायचं यंत्र आहे? मग अनामत जप्त करायची ती कुणाच्या कानावरून?

शिवाय हा भुर्दंड पडणार कुणावर ते बघा. सनबर्न हा मोठा संगीत महोत्सव २००७ मध्ये कांदोळीला सुरू झाला आणि २०२४ मध्ये आपल्या तालुक्यात, धारगळला आला. त्या आकाराच्या आयोजकाला पाच हजार म्हणजे चहाचा खर्च, परवानग्या गोळा करायला त्याच्याकडे माणसं असतात, कोर्टात उभे राहायला वकील असतात. अर्ज कुठे द्यायचा हे ज्याला माहीत नाही, तोच या ठरावात सापडणार. तुम्ही मोठ्याला हात लावू शकत नाही म्हणून लहानाला धरलंत.

वॉर्ड चारचा पंच

हे मात्र मी ऐकून घेणार नाही. मोठा कार्यक्रम त्या वाटेवर होतच नाही, तो खाजगी जमिनीवर कुंपण घालून होतो. आम्ही फक्त आमच्या ताब्यातल्या तीन जागांबद्दल बोलतोय, आणि स्वतःची जागा वापरायला कुणाला कशी द्यायची हे पंचायतीने ठरवायचं नाही तर कुणी? डेसिबलची कारवाई पोलिसांचीच. अनामत मात्र जागा वापरण्याच्या अटीची आहे: दहानंतर स्पीकर चालू राहिला तर गेली. दहा वाजले हे कळायला यंत्र लागत नाही, घड्याळ पुरतं.

रात्रपाळी

म्हणजे दुपारी चारच्या ढोलाला अनामतही लागू नाही? मग मी कशाला बाजू घेतली तुमची!

तियात्रिस्त

पंचसायब, तीन ओळी वाढवा, मी विरोध सोडतो. नकार लेखी द्यायचा. कारण जागा, वेळ किंवा आवाज यांपैकीच असायचं. सात दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं.

कालोवाला

आणि जत्रेच्या रात्री वगळा. मैदानाचा विषय बंद खोलीत सात जणांनी संपवायचा नसतो, ग्रामसभेत आणा.

वॉर्ड चारचा पंच

तियात्रिस्ताच्या तिन्ही ओळी येत्या ग्रामसभेत मी स्वतः मांडतो. जत्रेसाठी सरकारला देता येते तेवढी, म्हणजे बारापर्यंत सूट मागेन. पहाटेपर्यंतची देणं माझ्या हातात नाही, कुणाच्याच नाही. अनामत पाच हजारच राहील.

नियमावर बोट

ग्रामसभा मैदानावर मांडव घालून असते, माईक लावून. अर्ज सात दिवस आधी द्या म्हणजे झालं.