मदत हवी आहे : नसबंदी करून घेतलेल्या पुरुषांचे अनुभव सांगा

नमस्कार. वय 38, दोन मुलं, तिसरं नको हे दोघांचंही पक्कं. आजवर गोळ्या, मग तांबी, तिचा रक्तस्राव, पोटदुखी, सगळं बायकोनंच सोसलं. माझा वाटा काय, तर आठवण राहिली तर कंडोम! आता ऑपरेशनचा विषय निघाल्यावर घरच्यांनी पुन्हा तिचंच नाव पुढे केलं. मी म्हटलं, माझं करू. आई दोन दिवस बोलली नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते पटलंय. बिनटाक्याची पद्धत, तेवढाच भाग बधिर करतात, अर्ध्या तासात घरी जाण्याइतकं सोपं. हार्मोन, इच्छा तशीच राहते. मात्र लगेच भरवसा नाही: साधारण 3 महिने दुसरं साधन वापरायचं, वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असं आल्यावरच सुटका.

मला विचारायचंय ते वेगळं. दुखलं किती दिवस, खरं सांगा. जड उचलणं कधी सुरू केलंत? ती तपासणी केलीत की कंटाळा केलात? आणि आईला कसं समजवावं? 'अशक्तपणा येतो' यापुढे ती ऐकतच नाही. बायकांनीही लिहा, तुमच्याकडे हा विषय आधी कोणी काढला?