आईच्या मणक्यात श्वॅनोमाची गाठ: पुण्यात कोणाला दाखवावं?

मृण्मयी_वडगाव
आई ५८ वर्षांची. वर्षभर कंबर आणि डावी मांडी दुखतेय. दिवसा बरी असते, रात्री आडवी झाली की कळा सुरू. दोन महिने खुर्चीत बसूनच झोपते. सायटिका म्हणून आठ महिने गोळ्या, ट्रॅक्शन झालं. परवा साधा एमआरआय केला: कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी १.८ सेंमीची गाठ, बहुधा श्वॅनोमा (नसेच्या आवरणातून वाढणारी, सहसा कॅन्सरची नसलेली गाठ). एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे थांबा. आईने व्हीलचेअरची धास्ती घेतलीय. कोणाला अनुभव आहे का?

कर्वेनगरचे_काका
मृण्मयीताई, माझ्या बायकोचं अगदी हेच झालं होतं. स्लिप डिस्कवाल्याला बहुतेकदा पडल्यावर आराम पडतो. या गाठीत उलट. तिची तर चप्पल पायातून सुटायची आणि तिला पत्ताच नसायचा, मी मागून उचलून आणायचो.

आधी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन करतात तो एमआरआय करून घ्या (त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी करतात). गाठ उजळून दिसते आणि मणक्याच्या छिद्रातून डंबेलसारखी बाहेर गेलीय का तेही कळतं. मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नसांचा झुपका असतो आणि आईंची गाठ तिथे आहे, हे व्हीलचेअरला घाबरणाऱ्या आईंना जरूर सांगा. गाठ बहुतेकदा संवेदनेच्या नसेवर असते. ती नस कापावी लागली तरी पायाची ताकद सहसा टिकते. थांबणं न दुखणाऱ्या छोट्या गाठीला ठीक, पण ज्या बाईला झोपता येत नाही तिने कशासाठी थांबायचं?

डॉक्टरचं नाव इथे देत नाही. मणक्यातल्या गाठी नेहमी काढणारा न्यूरोसर्जन गाठा आणि थेट विचारा: अशा किती केल्या? मायक्रोस्कोपखाली करता का? न्यूरोमॉनिटरिंग (ऑपरेशन चालू असताना नसांवर यंत्राने लक्ष ठेवणं) असतं का? खर्चाची अडचण असेल तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा.

न्यूरो_वॉर्ड_सिस्टर
काकांशी सहमत. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस सपाट झोपवतात, कारण मज्जारज्जूचं आवरण शिवलेलं असतं. जखमेतून पाणी आलं किंवा उठून बसल्यावर डोकं ठणकलं तर लगेच कळवायचं. बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा. पुढे एमआरआय करत राहावे लागतात.

आणि ताई, आईंचा गुडघा जिन्यावर मुडपतो का, म्हणजे पायाची ताकद कमी होतेय का? लघवी अडते का? लघवी अडली तर रात्र असली तरी इमर्जन्सीत न्या.

मृण्मयी_वडगाव
आत्ताच विचारलं. लघवीचं ठीक आहे. पण जिना उतरताना डावा गुडघा दोनदा मुडपलाय. आम्ही घाबरू म्हणून बोलली नव्हती. उद्या सकाळीच अपॉइंटमेंट घेते.