सांबाची जुनी कॉन्फिग कुठं गेली? अपग्रेडमध्ये ‘मेंटेनरची आवृत्ती’ निवडून बसलोय

लूमवाला_भाचा:
राम राम मंडळी. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. मामाचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे. मी खरं तर हिशेब बघतो, पण “तुला कॉम्प्युटरचं कळतंय” म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात. सर्व्हर म्हणजे जिन्याखाली ठेवलेला जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन लिनक्स. जकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) सगळी डिझाइनं त्यात, सांबानं शेअर केलेली; सांबा म्हणजे लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवणारा प्रोग्राम. लूमशेडमध्ये एक जुनं विंडोज एक्सपी मशीन आहे, ते तिथून डिझाइन उचलतं. जकार्डचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, त्यामुळे त्याला कुणी हात लावायचा नाही असा मामाचा हुकूम.

काल रात्री ११ वरून १२ आणि १२ वरून १३ अशा दोन्ही उड्या एका बैठकीत मारल्या. मधेमधे विचारायचं, ही कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललीय, आता काय करू? पहिल्यांदा फरक वाचून बघितला. दीड वाजल्यावर म्हटलं, पॅकेज बनवणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्तच कळत असणार, आणि त्याचीच घेत सुटलो.

सकाळी आठला लूमशेडच्या मास्तरांचा फोन. “मालक, फोल्डरच दिसंना की.”

सांबाची कॉन्फिग, एसएमबी डॉट कॉन्फ, उघडली तर नवी करकरीत, आमचं शेअर नाही, काही नाही. जुनी फाइल डॉट डीपीकेजी-ओल्ड नावानं राहते असं वाचलं होतं. अख्ख्या ईटीसीत (सगळ्या कॉन्फिगच्या फोल्डरात) शोधलं, तर एकच सापडली, सुडोअर्सची, म्हणजे कुणाला ॲडमिनचे अधिकार ते लिहिलेल्या फाइलीची. सांबाची नाहीच. पाच वर्षं एकेक ओळ जोडत केलेली फाइल होती हो ती. गेली का?

टर्मिनल_काका:
गेली नाही. आधी सांग, सांबाच्या वेळी वाय की एन असं विचारलं, का निळ्या पडद्यावर पर्यायांची यादी आली?

लूमवाला_भाचा:
यादी आली काका. त्यात ‘थ्री-वे मर्ज’ असंही काहीतरी होतं. घाबरून त्याच्या वाटेला गेलो नाही.

टर्मिनल_काका:
नेमकं तेच हवं होतं. असो.

डेबियनमध्ये दोन वेगळे कारभारी आहेत. साधी कॉन्फिग पॅकेज बसवणारा डीपीकेजी स्वतः सांभाळतो. सुडोअर्स त्याच्याकडे, म्हणून तिची डीपीकेजी-ओल्ड मिळाली. सांबाची फाइल मात्र यूसीएफ नावाच्या वेगळ्या साधनाकडे असते, एसएसएचडीचीही (दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम). तो जुनी प्रत डॉट यूसीएफ-ओल्ड नावानं ठेवतो. ईटीसीतल्या सांबा फोल्डरमध्येच बघ. आणि आपली ठेवून नवी नाकारली असेल, तर नवी बाजूला राहते. तेव्हा शेपूट डीपीकेजी-डिस्ट किंवा यूसीएफ-डिस्ट.

सापडली की थेट जुनी परत टाकू नकोस. व्हिमडिफमध्ये दोन्ही शेजारी लाव. नव्या फाइलीत शेवटी तुझा शेअरचा भाग आण, आणि ग्लोबल नावाच्या भागात तू मुद्दाम लिहिलेल्या ओळी तेवढ्या आण. मग फाइल तपासणारं टेस्टपार्म चालव, त्यानं तक्रार केली नाही तरच सांबा रीस्टार्ट. डिझाइनं आणि युजरचे पासवर्ड या फाइलीत नसतातच, ते जागच्या जागी आहेत.

थ्री-वेचं भय का वाटतं सगळ्यांना? तुझी फाइल, नवी फाइल आणि दोघींची आई, म्हणजे मागच्या पॅकेजसोबत आलेली मूळ फाइल. आई समोर असली की कुठली ओळ तू बदललीस आणि कुठली त्यांनी, हे कळतं. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तिथंच भांडण, बाकी आपोआप जुळतं. नुसत्या दोन फाइलींत हे कळत नाही.

फेडोराकर:
आमच्याकडे फेडोरात तर विचारतही नाही. बहुतेक वेळा आपली ठेवतो आणि नवी डॉट आरपीएमन्यू करून टाकतो. काही पॅकेजं उलटं करतात, आपलीच आरपीएमसेव्ह होते. आर्चवाल्यांचं पॅकन्यू, त्यांना फरक दाखवणारं पॅकडिफ तरी आहे. भाऊ, ईटीसीकीपर टाक. अख्खी ईटीसी गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) जाते, ॲप्टनं पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर आपोआप कमिट, म्हणजे नोंद, होते. फक्त ते रेपो बाहेर कुठं ढकलू नकोस, पासवर्डची शॅडो फाइलही त्यातच असते.

लूमवाला_भाचा:
सापडली!! यूसीएफ-ओल्डच. मर्ज केली, टेस्टपार्म गप्प. विंडोज १० वर फोल्डर दिसलं, एक्सपीवर मात्र नाही. अर्धा तास डोकं आपटलं. जुन्या फाइलीत ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ला एनटी१ दिलेलं होतं, ती ओळ मी कचरा समजून सोडली होती. टाकली, आलं. मास्तर चहा घेऊन आले.

टर्मिनल_काका:
सांबा ४.११ पासून एसएमबी१ (फाइल शेअरिंगचा जुना, असुरक्षित प्रोटोकॉल; एनटी१ म्हणजे तोच, आणि एक्सपीला तेवढाच कळतो) आपणहून बंद असतो, म्हणून ती ओळ. तिच्यावर आत्ताच कॉमेंट लिही, “लूमशेडच्या एक्सपीसाठी, काढू नये”. पुढच्या दीड वाजता उपयोगी पडेल. एका एक्सपीसाठी अख्ख्या सर्व्हरवर एसएमबी१ उघडा ठेवणं मला पटत नाही, पण मामाशी तू बोल. निदान ते एक्सपी मशीन इंटरनेटपासून तोड.

आणि यापुढे मूळ फाइलीत गिरगटू नकोस. सुडोअर्समधली तुझी बॅकअपची ओळ सुडोअर्स डॉट डी फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत टाक, एसएसएचडीलाही तसंच फोल्डर आहे. मग मूळ फाइल कोरी राहते, आणि तू न बदललेली फाइल डीपीकेजी काही न विचारता नवी करतो. सांबाला असं फोल्डर नाही, तिथं शेवटी एक इन्क्लूडची ओळ देऊन शेअर दुसऱ्या फाइलीत ठेव.

लूमवाला_भाचा:
केलं काका. सुडोअर्स डॉट डीमध्ये ‘लूम डॉट कॉन्फ’ बनवली. व्हिसुडोनं तपासलं, चूक नाही म्हणतो. पण बॅकअपची कमांड अजून पासवर्ड मागतेय.

टर्मिनल_काका:
त्या फोल्डरमधल्या ज्या नावात टिंब असतं ती फाइल सुडो वाचतच नाही. नाव नुसतं ‘लूम’ ठेव. एसएसएचडीला उलट, तिथं शेवटी डॉट कॉन्फ लागतंच.

लूमवाला_भाचा:
टिंब काढलं. चाललं.