चहाची कांजी: ‘चा’ कधी वाचायचं आणि ‘सा’ कधी?

रानजाई:
मी जपानी शिकतेय, एन-३ या जपानी भाषा परीक्षेच्या पातळीची तयारी चालू आहे. चहाची कांजी (कांजी म्हणजे जपानीत वापरतात ते चिनी अक्षर), 茶, नऊच रेघांची, जपानमध्ये दुसरीतली मुलं शिकतात ती. तरी वाचताना मी अजून अडखळते. ओचा (चहा), मात्चा (हिरव्या चहाची पूड), चाइरो (तपकिरी रंग) हे शब्द पक्के झालेत. मग किस्सातेन (चहा-कॉफीचं दुकान) आलं आणि तीच कांजी ‘सा’ झाली. गेल्या आठवड्यात वर्गात उतारा वाचताना मी ‘निचिजो चाहान्जी’ म्हटलं. सेन्सेईंनी (शिक्षकांनी) थांबवून ‘साहान्जी’ असं सांगितलं. चहाच्या विधीला तर एकीकडे सादो म्हणतात, एकीकडे चादो. काही नियम आहे, की एकेक शब्द घोकायचा?

निळीशाई:
रानजाई, पक्का नियम नाही. पण ‘सा’ कुठून आला ते कळलं की घोकावं लागत नाही. मी अनुवादाचं काम करते आणि या एका कांजीवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिनी उच्चार जपानीत एका खेपेत आले नाहीत. शतकाशतकांच्या अंतराने आले, आणि नवा आला म्हणून जुना कुणी टाकून दिला नाही. ‘सा’ हा उशिरा आलेल्या थरातला, त्याला तो-ओन म्हणतात. झेन भिक्षूंच्या येण्याजाण्यातून आलेले कितीतरी शब्द याच थरातले आहेत. एइसाई हा भिक्षू ११९१ मध्ये चीनहून परतला. पुढे १२११ मध्ये त्याने चहा आणि आरोग्य यांवर ग्रंथ लिहिला, त्याचं नाव ‘किस्सा योजोकी’. तुमच्या किस्सातेनमधलं ‘किस्सा’ तेच! त्यातल्या पहिल्या कांजीचा अर्थ सेवन करणं. धूम्रपानाला कित्सुएन म्हणतात, त्यातही तीच आहे. आज किस्सातेनमध्ये लोक कॉफी प्यायला जातात, पण पाटीवर चहा टिकून आहे.

साहान म्हणजे चहा आणि भात. घरात जे रोज असतं ते. म्हणून निचिजो साहान्जी म्हणजे नेहमीचीच गोष्ट. हा शब्द मला फार आवडतो, त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं.

सादो आणि चादो दोन्ही बरोबर. चहाविधीचा थोर गुरू सेन नो रिक्यू, त्याच्या परंपरेतल्या घराण्यांपैकी उरासेन्के ‘चादो’ म्हणतं, ओमोतेसेन्के ‘सादो’. रोजच्या बोलण्यात सादो जास्त कानावर पडतं.

उकळी:
निळीशाईताईंनी उच्चाराचं सांगितलं, मी क्रियापदाचं सांगतो, कारण माझी चूक तिथे व्हायची. किटलीवजा क्यूसूत सेन्चाची (पानांच्या हिरव्या चहाची) पानं घालून चहा करतात, त्याला ‘इरेरु’. मात्चाची पूड वाडग्यात घेऊन, गरम पाणी घालून, बांबूच्या चासेनने घुसळतात, त्याला ‘तातेरु’. मात्चाला इरेरु म्हटलं तर अर्थ कळतो, पण जाणकाराला खटकतं.

आणि चावान! शब्द फोडला तर चहाचा वाडगा. चहाच्या विधीत तोच अर्थ आहे. घरात मात्र चावानमध्ये भात वाढतात आणि सेन्चा युनोमीत (चहाच्या पेल्यात) पितात.

पाऊलवाट:
आकार लक्षात ठेवायचा असेल तर चाजू हा शब्द शिका: १०८ वा वाढदिवस. कांजीच्या डोक्यावर गवताचं चिन्ह आहे, ते दोन ‘दहा’ शेजारी मांडल्यासारखं दिसतं, झाले वीस. खालच्या भागात आठ, दहा, आठ अशा खुणा सापडतात, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. बेरीज १०८. हे कळल्यापासून माझी एकही रेघ चुकलेली नाही.

गंमत म्हणजे नव्या चहाच्या खुडणीशी जोडलेला दिवसही हाचिजूहाचिया, अठ्ठ्याऐंशीवी रात्र. रिस्शुन, म्हणजे पंचांगातला वसंतारंभ, तिथपासून मोजायचं. मेच्या सुरुवातीला येते.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. साहान्जी आता विसरणार नाही. एकच राहिलं: ‘मुचा’ म्हणजे अविचारी, अवाजवी. त्यात ‘नाही’ आणि ‘चहा’ अशा कांजी आहेत. चहा नाही म्हणून अविचार, असं काही आहे का?

निळीशाई:
नाही, तिथे चहाचा अर्थाशी संबंध नाही. नुसत्या आवाजासाठी कांजी उसनी घेतली आहे, अशा लेखनाला आतेजी म्हणतात. मेचाकुचा (पार गोंधळ) या शब्दात ती दोनदा येते, तिथेही तसंच. या दोन्हीत मात्र ‘चा’च वाचा.