डोक्याचा मार आणि दारू
‘दारू लागते ती संगतीनेच’ असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं. न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला १९७७ साली जन्मलेल्या १,२६५ मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. पाच वर्षांच्या आत डोक्याला मार लागून दवाखान्यात राहिलेल्यांत पुढे दारू-ड्रग्जचे त्रास जास्त दिसले. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग त्या वयात घडतच असतो.

आमच्याकडे रावेरला पोरगं केळीच्या ट्रॅक्टरवरून पडलं की जखमेत हळद दाबतात, उलटी झाली तर ‘आता मोकळा झाला’ म्हणतात. उलटी तर धोक्याची खूण! माझ्या चुलतभावाचं असंच झालं. नंतर तो चिडका झाला, शाळा सुटली, विशीत बाटली. मारामुळेच प्यायला असं नाही म्हणत मी. पण व्यसनमुक्ती केंद्रात लहानपणी डोक्यावर पडला होता का, हे कुणीच विचारलं नाही. भरती करताना तुम्हीच सांगा.